भूस्थिर उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूस्थिर उपग्रह म्हणजे जमिनीवरून पाहिले तर आकाशात एकाच जागी उभा दिसणारा उपग्रह. त्याच्या उंचीचा ‘३६ हजार किलोमीटर’ हा आकडा डिश लावायला येणाऱ्या कारागिरापासून अकरावीच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. तो येतो कुठून, हे मात्र फार थोडे जण स्वतः काढून पाहतात. गणित अर्ध्या पानाचे आहे. एकदा कागद-पेन घेऊन ते केले की आकडा पाठ करावा लागत नाही, आणि डिश त्याच कोनात का बसवतात, चंद्राभोवती असा उपग्रह का ठेवता येत नाही, असे पुढचे कितीतरी प्रश्न त्याच अर्ध्या पानातून सुटतात. म्हणून खाली उत्तरांबरोबर आकडेमोडही दिली आहे. ती वाचून सोडून देऊ नका, करून पाहा.

कुठे ४२,१६४ लिहिलेले असते, कुठे ३५,७८६. यांतला खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे आहेत. ४२,१६४ किलोमीटर ही कक्षेची त्रिज्या, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर. विषुववृत्तावर पृथ्वीची स्वतःची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे. ती वजा केली की जमिनीपासूनची उंची ३५,७८६ किलोमीटर उरते. सूत्रात नेहमी केंद्रापासूनचे अंतर जाते, कारण गुरुत्वाकर्षण केंद्राच्या दिशेने ओढते. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात: प्रश्नात उंची विचारलेली असते आणि उत्तर त्रिज्येचे लिहिले जाते, किंवा वेगाच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी उंची घातली जाते.

उपग्रह ‘भूस्थिर’ व्हायला नेमके काय लागते?

तीन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्याच वेळात उपग्रहाची फेरी पूर्ण व्हावी, कक्षा वर्तुळाकार असावी, आणि ती विषुववृत्ताच्या बरोबर वर असून उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरावा. फक्त पहिली अट पाळली तर तो भूसमकालिक होतो, भूस्थिर नाही. त्रिज्या ठरते ती पहिल्या अटीवरून, बाकीच्या दोन अटी त्याला आकाशात एका जागी दिसायला लावतात.

सूत्र येते कुठून?

उपग्रहाला वर्तुळात फिरत ठेवायला अभिकेंद्री बल, म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. ते पुरवणारे तिथे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरे कुणी नाही. म्हणून दोन्ही बले सारखी मांडायची:

जीएम × उपग्रहाचे वस्तुमान ÷ त्रिज्येचा वर्ग = उपग्रहाचे वस्तुमान × ४ × पायचा वर्ग × त्रिज्या ÷ काळाचा वर्ग

इथे ‘जीएम’ म्हणजे गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचे वस्तुमान यांचा गुणाकार, आणि ‘काळ’ म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ. उपग्रहाचे वस्तुमान दोन्ही बाजूंना आहे, ते निघून जाते. उरते ते असे:

त्रिज्येचा घन = जीएम × काळाचा वर्ग ÷ (४ × पायचा वर्ग)

हाच केप्लरचा तिसरा नियम. केप्लरने तो १६१९ मध्ये ग्रहांच्या नोंदींवरून मांडला, आणि पुढे न्यूटनने तो गुरुत्वाकर्षणातून का निघतो हे दाखवले.

प्रत्यक्ष आकडे घालून दाखवाल का?

सगळे किलोमीटर आणि सेकंदांत घेऊ. मोठ्या संख्या ‘अब्ज’मध्ये ठेवल्या की दहाच्या घातांच्या भानगडीत पडावे लागत नाही.

जीएम = ३,९८,६००.४ (घन किलोमीटर प्रति सेकंद वर्ग)
काळ = २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद = ८६,१६४.१ सेकंद
काळाचा वर्ग = ७.४२४२५ अब्ज
दोहोंचा गुणाकार = सुमारे २९,५९,३१० अब्ज
४ × पायचा वर्ग = ३९.४७८४
भागाकार = सुमारे ७४,९६० अब्ज घन किलोमीटर

आता घनमूळ. एक अब्जाचे घनमूळ बरोबर १,००० येते. म्हणजे ७४,९६० चे घनमूळ काढून त्याला हजाराने गुणले की काम झाले. कॅल्क्युलेटर नसला तरी अडत नाही. ४२ चा घन ७४,०८८ आणि ४३ चा घन ७९,५०७, म्हणजे उत्तर ४२ च्या किंचित पुढे आहे. ७४,९६० मधून ७४,०८८ वजा केल्यावर ८७२ उरतात. त्यांना ४२ च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे ५,२९२ ने भागले की ०.१६५ येतात. हे किंचित जास्त आहेत. वाढीच्या वर्गाची दुरुस्ती (३ × ४२ × ०.१६५ चा वर्ग), म्हणजे सुमारे ३.४, ८७२ मधून काढून पुन्हा भागले की ०.१६४. उत्तर ४२.१६४, म्हणजेच ४२,१६४ किलोमीटर.

कुठलेही यंत्र न वापरता पाचव्या अंकापर्यंत बरोबर उत्तर येते, हे मला या गणितातले सर्वांत समाधानाचे वाटते.

काळ २४ तास का घ्यायचा नाही? दिवस तर २४ तासांचाच असतो.

२४ तासांचा असतो तो सूर्याच्या हिशोबाने मोजलेला दिवस: आजच्या माध्यान्हापासून उद्याच्या माध्यान्हापर्यंत. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी तर घेतेच, पण सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळजवळ एक अंश पुढेही सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला तो जास्तीचा एक अंश फिरावे लागते, आणि त्याला सुमारे चार मिनिटे लागतात. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची खरी फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत संपते. हा नाक्षत्र दिवस. गच्चीवरून रोज आकाश पाहणाऱ्याला तो ओळखीचा आहे: कृत्तिका आज ज्या वेळी उगवल्या, उद्या त्या वेळेच्या चार मिनिटे आधी उगवतात.

हा आकडा पाठ करायचीही गरज नाही. वर्षात सूर्याचे ३६५.२४२२ दिवस असतात, पण पृथ्वी स्वतःभोवती ३६६.२४२२ वेळा फिरते. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेमुळे एक फेरी जास्त होते. म्हणून ८६,४०० ला ३६५.२४२२ ने गुणून ३६६.२४२२ ने भागा, ८६,१६४.१ सेकंद मिळतात.

उपग्रहाला सूर्य कुठे आहे याच्याशी देणेघेणे नाही. त्याला पृथ्वीच्या जमिनीबरोबर राहायचे आहे, म्हणून त्याने पृथ्वीची खरी फेरी गाठली पाहिजे. २४ तास धरून गणित केले तर त्रिज्या ४२,२४१ किलोमीटर येते, फक्त ७७ किलोमीटर जास्त. एकूण त्रिज्येच्या मानाने ही चूक हजारात दोनहून कमी आहे. पण अशा कक्षेतला उपग्रह रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेकडे मागे पडत जाईल. घरावरच्या साध्या डिशच्या टप्प्यातून तो दोन-तीन दिवसांत निघून जाईल, आणि वर्षभरात पृथ्वीला एक उलटा वळसा घालून जुन्या जागी येईल. वहीत चार मिनिटे किरकोळ दिसतात, पण आकाशात त्यांच्यावरच सगळे उभे आहे.

जीएमची किंमत लक्षात नसेल तर?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व त्वरण आणि पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजेच जीएम. ९.८ मीटरचे ०.००९८ किलोमीटर करून घ्या आणि ६,३७८ च्या वर्गाने गुणा. ३,९८,६५३ येतात, खऱ्या किमतीच्या अगदी जवळ. पृथ्वीचे वस्तुमान आणि गुरुत्व स्थिरांक वेगवेगळे शोधत बसण्यापेक्षा ही वाट सोपी आहे.

मग काही पुस्तकांत ३६,००० आणि काहींत ३५,७८० का असते?

ढोबळ आकड्यांमुळे. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर, त्वरण ९.८ आणि काळ २४ तास घेतला की कक्षेची त्रिज्या ४२,३४० आणि उंची ३५,९४० येते. तिचेच पुढे ३६,००० होतात. दहावीला उच्च कक्षेची उंची ३५,७८० किलोमीटर दिलेली असते, ती खऱ्या उंचीचीच, शेवटचा अंक सोडून दिलेली किंमत आहे. प्रश्नपत्रिकेत जे आकडे दिले असतील तेच वापरा आणि पायऱ्या दाखवा. ४२,१६४ नाही आले म्हणून उत्तर खोडू नका.

उलट बाजूने, ४२,१६४ हाही शेवटचा शब्द नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर फुगीर आहे. तो फुगीरपणा धरला तर त्रिज्या आणखी सुमारे अर्धा किलोमीटर वाढते.

चंद्रावरून ही त्रिज्या काढता येईल का?

येईल, आणि माझ्या मते शिकवताना सुरुवात इथूनच करावी. चंद्रही पृथ्वीचाच उपग्रह आहे. त्यामुळे जीएम, पाय यांतले काहीच लागत नाही, नुसती तुलना पुरते. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवरून सुमारे २७.३ दिवसांत एक फेरी घेतो. आपल्या उपग्रहाला एक दिवस हवा आहे. काळ २७ पट कमी, तर त्रिज्या किती पट कमी? त्रिज्येचा घन काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून २७ चे घनमूळ ३, आणि ३ चा वर्ग ९. म्हणजे भूस्थिर उपग्रह चंद्राच्या अंतराच्या नवव्या भागावर असला पाहिजे. ३,८४,४०० ला ९ ने भागून सुमारे ४२,७०० येतात. तोंडी केलेल्या हिशोबात चूक अवघी सव्वा टक्का!

२७ ऐवजी चंद्राचा काळ नाक्षत्र दिवसांत, म्हणजे २७.४ घेतला तर उत्तर ४२,३०० च्या आसपास येते. उरलेल्या फरकाचे मोठे कारण चंद्राचे स्वतःचे वस्तुमान. ते पृथ्वीच्या सव्वा टक्का आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत ते दुर्लक्षून चालत नाही.

उपग्रह जड असला तर कक्षा बदलते का?

नाही. इस्रोचा जीसॅट-११ (२०१८) ५,८५४ किलोचा होता आणि १९८१ चा ‘ॲपल’ पावणेसातशे किलोच्या आत होता. दोघांची कक्षा एकच. वजनाचा फरक पडतो तो रॉकेटला.

उपग्रह थेट पुण्याच्या किंवा नागपूरच्या डोक्यावर का ठेवत नाहीत?

कारण गुरुत्वाकर्षण केंद्राकडे ओढते, म्हणून कक्षेची पातळी पृथ्वीच्या केंद्रातून जाणे भाग आहे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर आहे. त्या अक्षांशाच्या वर्तुळावर सतत फिरत राहायचे तर कक्षेचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राच्या उत्तरेला हवे, आणि ते शक्य नाही. कक्षा तिरकी ठेवली तर उपग्रह दिवसातला काही वेळ उत्तर गोलार्धात आणि तितकाच वेळ दक्षिण गोलार्धात जातो. जमिनीवरून पाहिले तर तो आकाशात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट काढताना दिसतो. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक प्रणालीत दोन्ही प्रकार वापरले आहेत: मूळ आराखड्यातल्या सात उपग्रहांपैकी तीन भूस्थिर आणि चार २९ अंश तिरक्या कक्षेत. त्रिज्या मात्र सातांचीही तीच.

घरावरची डिश आग्नेयेकडे तोंड करून का असते?

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, म्हणून सगळे भूस्थिर उपग्रह आपल्याला दक्षिणेच्या बाजूलाच दिसणार. पूर्व की पश्चिम हे उपग्रहाच्या रेखांशावर ठरते. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुणे ७३.९ अंशांवर. हे आकडे आणि आपली त्रिज्या घेऊन त्रिकोणमिती केली तर उपग्रह उत्तरेपासून सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी हेच कोन १५३ आणि ६६ होतात, आणि पुण्यापासूनचे अंतर सुमारे ३६,२६० किलोमीटर.

डिश पाहून ‘ही तर जेमतेम पस्तीस अंश वर पाहते आहे’ असे वाटेल. घरगुती डिशमध्ये एलएनबी (तबकडीने गोळा केलेले संकेत पकडणारा भाग) मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तबकडी खऱ्या कोनापेक्षा वीस-पंचवीस अंश उभी बसवावी लागते. कारागीर चुकलेला नसतो.

उपग्रह ‘स्थिर’ आहे तर त्याचा वेग शून्य का नाही?

तो सेकंदाला ३.०७ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने धावतो. कक्षेच्या परिघाला ८६,१६४ ने भागून पाहा. स्थिर दिसतो तो आपण त्याच कोनीय वेगाने फिरतो म्हणून. आणि तिथे गुरुत्वाकर्षण नसते, हा समज काढून टाका. त्वरण ०.२२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. जमिनीवरच्या चव्वेचाळिसाव्या भागाइतके, पण त्याच्याशिवाय उपग्रह सरळ रेषेत निघून गेला असता.

या त्रिज्येवरून आणखी काय काढता येते?

बरेच. ६,३७८ ला ४२,१६४ ने भागून त्या साइनचा कोन काढा: ८.७ अंश. तिथून पृथ्वी याच्या दुप्पट, म्हणजे १७.४ अंश रुंद दिसते. आता याच एका कोनातून तीन उत्तरे घ्या. ९० मधून ८.७ वजा केले की ८१.३. त्या अक्षांशापलीकडे, म्हणजे ध्रुवांजवळ, भूस्थिर उपग्रह दिसतच नाही. पृथ्वीची सावलीही कक्षेवर साधारण १७.४ अंश रुंद पडते. ३६० अंशांना २३ तास ५६ मिनिटे, तर १७.४ अंशांना जवळजवळ ७० मिनिटे. विषुवदिनांच्या सुमारास उपग्रह रोज जास्तीत जास्त एवढा वेळ अंधारात असतो आणि बॅटरीवर चालतो. सूर्य विषुववृत्तापासून ८.७ अंशांच्या आत असतो तेवढेच दिवस हे घडते, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या अलीकडे-पलीकडे सुमारे तीन-तीन आठवडे.

संदेशाचा उशीरही त्रिज्येतूनच येतो. प्रकाशाला वर जायला ०.१२ सेकंद आणि खाली यायला तेवढेच, एकूण पाव सेकंद. फोनवर प्रश्न विचारून उत्तर ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे उपग्रह भू-केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाले. त्या काळात परदेशी फोन केलेल्यांना हा उशीर चांगला आठवत असेल.

रॉकेट उपग्रहाला सरळ तिथे नेऊन ठेवते का?

बहुतेक वेळा नाही. इस्रोचे जीएसएलव्ही रॉकेट उपग्रहाला लांबट कक्षेत सोडते: जवळचे टोक जमिनीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, लांबचे ३६ हजारांच्या आसपास. लांबच्या टोकाला उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर उरतो, आणि वर्तुळात राहायला हवा ३.०७. उरलेला वेग उपग्रहाचे स्वतःचे इंजिन देते आणि त्याच वेळी कक्षेचा तिरकेपणाही काढते. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून हे काम काही दिवसांत टप्प्याटप्प्याने होते.

एकदा जागेवर ठेवला की तो तिथेच राहतो का?

राहत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंश कलते. ती सरळ करण्यातच उपग्रहाचे बरेचसे इंधन जाते. दुसरी ओढ पूर्व-पश्चिम असते, आणि तिचे कारण पृथ्वीच्या आकारात आहे. विषुववृत्तही नेमके वर्तुळ नाही, किंचित लंबगोल आहे. त्यामुळे कक्षेवर दोन जागा अशा आहेत की उपग्रह मोकळा सोडला तर वाटीत सोडलेल्या गोटीसारखा त्यांच्याभोवती मागेपुढे हेलकावत राहतो. एक जागा सुमारे १०५ अंश पश्चिमेला आहे आणि दुसरी सुमारे ७५ अंश पूर्वेला. हा ७५ चा रेखांश अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधून जातो. खाली विषुववृत्तावर तो मालदीवच्या थोडा पूर्वेला येतो. ढगांची चित्रे पाठवणारा इन्सॅट-३डीआर ७४ अंशांवर आहे, म्हणून त्याला पूर्व-पश्चिम दुरुस्त्या फार कमी लागतात. पण निकामी झालेले जुने उपग्रहही याच पट्ट्यात येऊन घुटमळतात. म्हणून आयुष्य संपत आले की उरलेल्या इंधनावर उपग्रह कक्षेच्या अडीचशे-तीनशे किलोमीटर वर नेऊन सोडण्याचा नियम आहे. हा नियम सगळ्यांनी पाळलाच पाहिजे. पृथ्वीभोवती या त्रिज्येचे वर्तुळ एकच आहे.

ही कक्षा पहिल्यांदा कुणाला सुचली?

हर्मन पोटोच्निक या अभियंत्याने १९२८ मध्ये तिची उंची मोजून मांडली. ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर क्लार्क यांनी अशा तीन उपग्रहांवरून जगभर संदेश पोचवण्याची कल्पना लेखातून मांडली. जुलै १९६३ चा अमेरिकेचा सिंकॉम-२ उपग्रह योग्य त्रिज्येवर पोचला, पण त्याची कक्षा तिरकी होती. खऱ्या अर्थाने पहिला भूस्थिर उपग्रह ऑगस्ट १९६४ चा सिंकॉम-३. त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची दृश्ये त्यावरून अमेरिकेत पोचली. भारताचा ‘ॲपल’ १९ जून १९८१ रोजी एरियान रॉकेटवरून गेला आणि १०२ अंश पूर्वेला स्थिरावला.

मंगळाभोवती किंवा चंद्राभोवती असा उपग्रह ठेवता येईल का?

सूत्र तेच, आकडे बदला. मंगळासाठी जीएम ४२,८२८ आणि काळ ८८,६४३ सेकंद. त्रिज्या २०,४२८ किलोमीटर येते, म्हणजे जमिनीपासून सुमारे १७,०३० किलोमीटर. ही जागा मंगळाच्या फोबोस आणि डिमोस या दोन चंद्रांच्या मध्ये पडते. डिमोस तिच्या थोडाच बाहेर आहे, म्हणून मंगळावरून पाहिले तर तो फार सावकाश सरकताना दिसेल.

चंद्राचे गणित कागदावर सुटते, प्रत्यक्षात नाही. चंद्र स्वतःभोवती फिरायला २७.३ दिवस घेतो. त्याचा जीएम ४,९०३. त्रिज्या येते सुमारे ८८,४५० किलोमीटर. पण चंद्राची पकड साधारण ६०,००० किलोमीटरपर्यंतच चालते, त्यापलीकडे पृथ्वीची ओढ वरचढ होते आणि उपग्रह चंद्राकडे राहत नाही. म्हणूनच चंद्राच्या मागच्या बाजूला उतरणाऱ्या यानाशी बोलण्यासाठी चीनने २०१८ मध्ये जो उपग्रह पाठवला, तो चंद्राभोवतीच्या अशा कक्षेत ठेवला नाही. चंद्राच्या पलीकडे, जिथे पृथ्वी आणि चंद्र या दोघांच्या ओढीचा मेळ बसतो, त्या बिंदूभोवती तो फिरवत ठेवला.